डिव्हाइस इज बिझी

गेले दोन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. त्यावर दोन मेल आल्या आणि दोन्हीत एकच प्रश्न, "काय रे, लग्न ठरलं की काय?" नाही हो, एवढं कुठलं नशीब. :) पहिल्या शनिवारी मी गावी होतो आणि तिथं बसून ऑफिसातला एक मोठा घोळ घातला. दुसरा शनिवार तो निस्तरण्यात गेला. आता डोकं जरा थंड झालंय, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं गाव ताडकळस. जिल्हा परभणी, तालुका पूर्णा. पूर्णा निदान रेल्वे जंक्शन म्हणून तरी काही जणांना माहीत असतं, ताडकळस म्हटलं की पुण्यातले मित्र "काय म्हणालास?" असं दोनदा विचारतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी परभणीला उतरायचं, स्टँडवर चहा मारायचा आणि पुढे एसटी नाहीतर जीप. डिसेंबरात गावी जाण्यासारखं सुख नाही. हरभरा कोवळा असतो, तुरी काढणीला आलेल्या असतात, चुलीजवळून उठावंसं वाटत नाही.

पण या वेळी सुखासाठी गेलो नव्हतो. घरात वाटणी होती.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना दोनच मुलं, आमचे अण्णा आणि धाकटे तात्या. भांडण वगैरे काही नाही. उलट दोघांचं म्हणणं असं की आपण धडधाकट आहोत तोवर गोडीत करून टाकू, पोरांवर ठेवायला नको. घरात इंजिनिअर मी एकटाच, त्यामुळे तक्ता करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. शनिवारी दुपारी ओसरीवर लॅपटॉप मांडून मी एक्सेलमध्ये सगळं बसवलं. गट नंबर, एकर-गुंठे, बांधावरची झाडं, बैलजोडी, आणि शेवटच्या रकान्यात विहीर. विहिरीत अण्णांचा हिस्सा आठ आणे, तात्यांचा आठ आणे. बेरीज सोळा आणे, म्हणजे हिशेब पूर्ण! खाली एकूणच्या ओळीला पिवळा रंग दिला आणि स्वतःवरच खूश झालो.

आता ऑफिसचं काम. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

व्हर्च्युअलायझेशन होस्ट म्हणजे एक तगडं मशीन, ज्याच्या पोटात वीस-पंचवीस मशीनं चालतात. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं आपणच खरे. आमच्याकडे पूर्वी व्हीएमवेअर होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतलं, कायमची लायसन्सं विकणं बंद होऊन वर्गणी सुरू झाली, आणि आमच्यासारख्या बऱ्याच छोट्या कंपन्यांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली. आम्ही प्रॉक्समॉक्सवर आलो. मूळ व्हिएन्नाचं, पहिली आवृत्ती २००८ ची, खाली डेबियन लिनक्स. त्यात दोन प्रकारची बिऱ्हाडं चालतात. एक पूर्ण व्हर्च्युअल मशीन आणि दुसरं कंटेनर. कंटेनर म्हणजे होस्टचंच कर्नल वापरणारं हलकं बिऱ्हाड.

या सगळ्यांचा डेटा होस्टच्या डिस्कवर न ठेवता बऱ्याचदा वेगळ्या स्टोरेज बॉक्सवर ठेवतात आणि तो नेटवर्कवरून होस्टला जोडतात. जोडायची एक जुनी पद्धत म्हणजे एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये काढलेली, चाळीस वर्षं उलटली तरी रोजच्या वापरात. हिची खुबी अशी की लांबच्या मशीनवरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी वाटते. अण्णांना मी हे विहिरीवरून समजावलं होतं. विहीर एकीकडे, रानं चार, आणि प्रत्येक रानात पाइप. रानातल्या माणसाला वाटतं पाणी इथंच आहे. पाइप जोडणं म्हणजे माउंट, पाइप काढून घेणं म्हणजे अनमाउंट.

तर आमचा जुना नॅस बॉक्स निवृत्त करायचा होता. वॉरंटी डिसेंबरअखेर संपत होती आणि एक डिस्क आधीच कुरकुर करत होती. आठवडाभर मी सगळ्या व्हर्च्युअल डिस्का नव्या स्टोरेजवर हलवल्या होत्या. वेब स्क्रीनवर जुन्या स्टोरेजची यादी उघडली तर आत फक्त दोन-तीन जुन्या आयएसओ फाइली. म्हणजे रिकामाच! फक्त पाइप काढायचा आणि बॉक्स बंद करायचा. मॅनेजरला म्हटलं, "सर, पंधरा मिनिटांचं काम आहे, गावाकडून करतो." (हे वाक्य आयुष्यात पुन्हा कधी उच्चारणार नाही.)

रात्री नऊला गच्चीवर गेलो, कारण घरात नेटवर्कची एकच कांडी. घोंगडी पांघरली, मोबाइलचा हॉटस्पॉट, मांडीवर लॅपटॉप. अनमाउंटची कमांड दिली. या कमांडच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला 'न' नाही, ती 'यूमाउंट' अशी आहे, आणि युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलपासून ती तशीच चालत आलीये. उत्तर आलं, "डिव्हाइस इज बिझी."

म्हणजे कुणीतरी धरून बसलंय. मला वाटलं, त्या आयएसओपैकी एखादी कुठल्यातरी व्हर्च्युअल मशीनच्या सीडी ड्राइव्हमध्ये अडकली असणार. इन्स्टॉल करून झाल्यावर काढायला सगळेच विसरतात. (हा अंदाज अर्धा बरोबर निघाला. खरी अडचण उरलेल्या अर्ध्याची होती.) बघू नंतर, असं म्हणत कमांडला 'लेझी' पर्याय लावला. लेझी म्हणजे "आत्ता नजरेआड कर, धरणारे सोडतील तेव्हा सावकाश आवर." लगेच झालं. दहा-पंधरा सेकंदांनी बघतो तर बॉक्स पुन्हा जोडलेला! तेव्हा आठवलं की प्रॉक्समॉक्सचा एक पहारेकरी प्रोग्रॅम दर थोड्या वेळानं फेरी मारतो आणि यादीतलं स्टोरेज सुटलेलं दिसलं की परत जोडतो. मग यादीतून नाव काढून टाकलं. पण नाव काढलं तरी जोडलेला पाइप आपोआप निघत नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. पुन्हा लेझी. आता मात्र गायब. पुण्यात ऑफिसला आमचा एक ज्युनियर थांबला होता, त्याला म्हटलं, बॉक्स बंद कर आणि घरी जा. पावणेदहाला मी खाली येऊन ज्वारीची भाकरी अन् पिठलं खाल्लं.

पावणेअकराला फोन. एका क्लायंटच्या गोदामात रात्रपाळीला येणाऱ्या गाड्यांची चलनं स्कॅन होतात. ते स्कॅनिंग थांबलं होतं. स्कॅन नाही तर गेटपास नाही, गेटपास नाही तर गाडी सुटत नाही. फाटकाशी सात गाड्या उभ्या होत्या आणि थंडीत कुडकुडणारे ड्रायव्हर तिथल्या सुपरवायझरच्या नावानं शंख करत होते. सुपरवायझर माझ्या नावानं.

लॉगिन करून बघतो तर होस्टचा लोड चाळीसच्या वर आणि सीपीयू मात्र निवांत, तीन-चार टक्के. हे चिन्ह ओळखीचं आहे. लिनक्स लोड मोजताना नुसतं काम करणारे मोजत नाही, डिस्कची वाट बघत गोठून बसलेलेही मोजतं. त्यांना 'डी स्टेट' म्हणतात. चाळीस जण कशाची तरी वाट बघत होते. मारायचा प्रयत्न केला. काही प्रोसेस मेल्या, काही हलेनात. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा, "सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग."

स्कॅनिंगचा प्रोग्रॅम एका कंटेनरमध्ये होता. त्याची मुख्य डिस्क मी व्यवस्थित नव्या स्टोरेजवर हलवली होती. पण तीन वर्षांपूर्वी कुणीतरी त्या कंटेनरला नॅसवरचा एक फोल्डर थेट आत जोडून दिला होता, बाइंड माउंट करून. स्टोरेजच्या यादीत हे दिसत नाही, कारण यादीला फक्त डिस्का कळतात. ज्यानं जोडलं तो दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेला. ही गोष्ट त्याच्या डोक्यात होती आणि डोकं तो बरोबर घेऊन गेला. :)

आणि माझ्या लेझी अनमाउंटनं काय केलं? होस्टच्या बाजूनं पाइप नजरेआड केला, कंटेनरच्या आतला पाइप जिथल्या तिथं राहिला. वर अशी गंमत की एकदा लेझी केलं की कोण धरून बसलंय हे विचारायचा पत्ताही हरवतो, कारण ज्या फोल्डरबद्दल विचारायचं तिथं आता काही जोडलेलंच नसतं. लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या थोर संगणकशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये एका मेलमध्ये लिहिलं होतं, त्याचा मथितार्थ असा की जे मशीन अस्तित्वात आहे हेही तुम्हाला ठाऊक नसतं, ते बंद पडून तुमचं मशीन निकामी होतं, तेव्हा समजावं की आपण डिस्ट्रिब्युटेड सिस्टिममध्ये आहोत. गोदामातल्या सुपरवायझरला नॅस म्हणजे काय हे ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

उपाय एकच होता, बॉक्स परत चालू करणं. ज्युनियर बिचारा घरी पोचून जेवायला बसला होता. ताटावरून उठला, बाइक काढली. (त्याला मी अजून पार्टी देणं लागतो.) बारा वाजून पाच मिनिटांनी बॉक्स चालू झाला. मी गच्चीवर लॉगकडे बघत बसलो होतो. सहा-सात मिनिटं काही नाही. मग ओळ आली, "सर्व्हर ओके." लोड चाळीसवरून हळूहळू उतरला. ज्या प्रोसेस वाट बघत होत्या त्यांनी हातातलं स्कॅन जिथं सोडलं होतं तिथून पुढे लिहिलं. जो प्रोग्रॅम मी मारला होता तो तेवढा पुन्हा चालू करावा लागला.

याला 'हार्ड' माउंट म्हणतात. समोरचा उत्तर देत नसला तरी विचारत राहायचं, हार मानायची नाही. 'सॉफ्ट' असतं तर काही वेळानं चूक म्हणून सोडून दिलं असतं आणि फाइली अर्धवट राहिल्या असत्या. तासभर मी ज्या हार्डला शिव्या घालत होतो, त्यानंच मला वाचवलं. शेवटची गाडी फाटकातून सुटल्याचा मेसेज एक वाजता आला.

आता शहाणपण सुचलं. 'फ्यूजर' नावाची साधी कमांड आहे. तिला विचारायचं, या जागेला कोण कोण धरून आहे? ती नावं सांगते. बॉक्स होस्टला परत जोडला आणि विचारलं. दोन नावं आली. एक सीडी ड्राइव्हमध्ये आयएसओ अडकलेली मशीन आणि दुसरा तो कंटेनर. पाच सेकंदांचं काम होतं ते. नऊ वाजता केलं असतं तर नऊ वाजताही हीच दोन नावं आली असती.

पहाटे कधीतरी डोळा लागला. सातला खाली आलो तर अण्णा नुकतेच मळ्यातून आलेले. या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती, त्यामुळे तेही रात्रभर जागेच.

"रातभर काय करायलास रे वर? उजेड दिसत होता गच्चीवर."

चहा पीत मी सगळं सांगितलं. विहीर, पाइप, रानं याच भाषेत. यादीत चार रानं होती, चारही पाइप काढले, विहीर बंद केली, पण पाचवा पाइप जमिनीतून कुठंतरी गेला होता.

"म्हंजे यादीत नव्हतं, पण पाणी घ्यायलं होतं?"

"हो."

"आन् तुला कळलं कसं न्हाई?"

"मशीन सांगत होतं अण्णा, की कुणीतरी धरून बसलंय. मीच विचारलं नाही, कोण."

अण्णा जरा वेळ गप्प. कपातला चहा तसाच. मग म्हणाले, "तुझा कालचा तक्ता काढ बरं."

काढला. शेवटच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. बोटाला अजून चिखल होता.

"यात काकी कुठंय?"

काकी म्हणजे त्यांची चुलती, आबांच्या धाकट्या भावाची बायको. आम्ही नातवंडं तिला 'खालची आजी' म्हणतो, कारण तिचं दीड एकर आमच्या मळ्याच्या खाली आहे. थोरल्या वाटणीत त्या रानात विहीर आली नाही. आजोबा लवकर गेले. तेव्हा आबांनी आपल्या विहिरीवरून एक पाइप खाली टाकून दिला. कागद नाही, सातबाऱ्यावरच्या 'इतर अधिकार'च्या रकान्यात नोंद नाही, आण्यांत हिस्सा नाही. अण्णा आत्ता मळ्यातून आले होते ते तिचंच रान भिजवून. आणि तरीही काल दुपारी ओसरीवर बसलेल्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही तोंडात तिचं नाव आलं नव्हतं. माझ्या तक्त्यात सोळा आण्यांची बेरीज पूर्ण होती ना!

दुपारी तात्या आले. ते पहिल्यांदा चिडलेच. "तिचं पाणी कोण तोडायलंय? मी काय मेलोय का?"

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही आहात तोवर प्रश्नच नाही. पण विहीर तुमच्या वाट्याच्या गटात येतीये. उद्या तुमच्या पोरानं ते रान विकलं, तर घेणारा कागद बघेल. कागदावर दोनच नावं असतील." आमच्या त्या सोडून गेलेल्या सहकाऱ्याचंही सांगितलं, की तो वाईट नव्हता, फक्त लिहून गेला नव्हता.

तात्या काही बोलले नाहीत. बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "लिही. आठवड्याला एक पाळी."

संध्याकाळी मी स्वतः खालच्या आजीकडे गेलो. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिला उलट वाईटच वाटलं. "कागुद कशाला रे? भाऊजींनी तोंडानं दिलेलं पाणी हाय. तुमाला आता शंका यायली का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शब्दावर चाळीस वर्षं चाललेली गोष्ट कागदावर आणली की ती थोडी लहान होते, हे खरंच आहे. मी नुसता बसून राहिलो. तिनं शेंगदाणे आणि गूळ पुढे केला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "किती पाळ्या लिव्हल्या?"

"एक."

"एक कशी? हळद असली की दोन असत्यात. इचार तुझ्या बापाला."

विचारलं. दोनच होत्या. म्हणजे आम्ही तिघांनी आठवून आठवून लिहिलं तेही चूक होतं, आणि पाणी घेणाऱ्या माणसाला विचारल्यावर बरोबर झालं. वाटणीपत्राच्या मसुद्यात आता तिच्या दोन पाळ्या आहेत. अजून नोंदणी व्हायची आहे, पण ओळ आली.

पुण्याला परतल्यावर नॅसचं काम रीतसर केलं. आधी फ्यूजर. मग सगळ्या कंटेनरच्या सेटिंगच्या फाइलींत जुन्या स्टोरेजचं नाव शोधलं. मग उलट्या बाजूनं, म्हणजे नॅसवर जाऊन, एनएफएसच्या २०४९ क्रमांकाच्या पोर्टला कोण जोडलेलं आहे ते बघितलं. विहिरीच्या काठावर उभं राहून पाइप मोजल्यासारखं. ज्यांची नावं निघाली त्यांच्याशी बोललो. स्कॅनचा फोल्डर नव्या जागी हलवला, आयएसओ काढली, स्टोरेज यादीत आधी बंद करून ठेवलं. ज्युनियर म्हणाला, "सर, स्क्रीम टेस्ट करूया ना." आमच्या धंद्यात ही रूढ पद्धत आहे, तोडायचं आणि कोण ओरडतंय बघायचं. मी म्हटलं, करू, पण सगळ्यांना विचारून झाल्यावर, दिवसाउजेडी, आणि वीज बंद न करता नुसती नेटवर्कची केबल काढून. कारण सगळेच ओरडत नाहीत. काही जण नुसते थांबून राहतात आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

मग साधा यूमाउंट, लेझी नाही, फोर्स नाही. स्क्रीनवर काहीच आलं नाही, आणि युनिक्समध्ये काही न येणं म्हणजेच काम झालं. केबल चार दिवस काढून ठेवली, फोन आला नाही. ३१ डिसेंबरला बॉक्स बंद केला.

असो. बरंच लांबलं. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन. आणि हो, खालच्या आजीनं बरोबर हुरडा दिलाय. कोथरूडच्या आसपास राहत असाल तर संपायच्या आत या.